लेडीबग टूल्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात राइनो हे त्रिमितीय मॉडेलचं सॉफ्टवेअर, त्यातलं ग्रासहॉपर (ठोकळे तारांनी जोडून मॉडेलला सूचना द्यायची सोय) आणि त्यावर लेडीबग टूल्स हा संच आता रोजच्या वापरात आहे. ऊन-उजेडाचे आकडे तक्त्यात न ठेवता थेट इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलवर रंगवून दाखवणं, हे त्याचं काम. ज्यांनी इकोटेक्ट हे अशाच कामाचं जुनं सॉफ्टवेअर वापरलंय (ऑटोडेस्कने २०१५ मध्ये त्याची विक्री थांबवली), त्यांना हे ओळखीचं वाटेल. लेडीबग मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. पैसे पडतात ते राइनोचे. शहराची हवामान फाइल जोडायची, वर्षाचे ८,७६० तास हाताशी येतात.

मला ते मनापासून आवडलं ते एका शाळेच्या कामात. पश्चिमेकडच्या वर्गांची भिंत पडद्यावर लालभडक होती (लाल म्हणजे जास्त ऊन, निळा म्हणजे कमी). विश्वस्तांपैकी एक जण म्हणाले, "मॅडम, छज्जा अजून पुढे काढला तर?" छज्जाच्या मापाची सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, ४५० मिलिमीटरवरून ९०० वर नेला. भिंतीचा वरचा पट्टा निळा झाला, खिडकीच्या सिलखालचा भाग मात्र लालच. चारनंतर सूर्य इतका खाली येतो की आडवा छज्जा तिथे पुरत नाही. मग उभ्या फिन, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या पातळ पट्ट्या, टाकून त्या तिरक्या फिरवल्या आणि निळा रंग सगळ्यांसमोर खालपर्यंत उतरला. आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे इंजिनिअर, तिथेच बसले होते. फिन बीमला कशा धरायच्या यावर बोलणं सुरूही झालं. हेच आकडे पीडीएफ अहवालात दिले असते तर ते कुणी उघडूनही पाहिले नसते.

पण रंग बघताना दोन गोष्टी नीट तपासा. पहिली, कालावधी. वर्षभराची बेरीज लावली की पुण्यात दक्षिणेची भिंत चांगलीच तापलेली दिसते आणि सगळा खर्च तिकडे करावासा वाटतो. ते ऊन मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारीतलं, सूर्य दक्षिणेला कललेला असतानाचं. मार्च ते मे एवढंच निवडा, दक्षिण भिंत शांत होते आणि पूर्व-पश्चिम पेटतात. पुणे साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडक्यांना ऊन लागतच नाही, असं ठामपणे सांगणाऱ्यांना सनपाथ, म्हणजे सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचं चित्र, लावून दाखवते मी.

दुसरी गोष्ट लिजंडची, म्हणजे कुठला रंग किती आकड्याचा हे सांगणाऱ्या पट्टीची. पट्टीची टोकं लेडीबग आपोआप ठरवतं, त्या-त्या पर्यायातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यावरून. म्हणजे चांगला पर्याय आणि वाईट पर्याय, दोन्ही निळ्यापासून लालपर्यंत सारखेच रंगतात! लिजंड पॅरामीटर्समध्ये किमान-कमाल स्वतः भरल्याशिवाय दोन चित्रं शेजारी ठेवूच नयेत. हे डिफॉल्टच मला पटत नाही. समोरचा माणूस पट्टीवरचे आकडे वाचत नाही, तो रंग बघतो.

वेगाचं म्हणाल तर ग्रिड, म्हणजे गणितासाठी भिंतीवर पाडलेल्या चौकटी, एक मीटरची ठेवली की साधारण लॅपटॉपवरही स्लायडर ओढता येतो. बारीक ग्रिड लावून ओढलात तर ग्रासहॉपर अडकतं. गणित चालू-बंद करणारं रनचं टॉगल आधी बंद करा. उन्हाचं साधं कंपोनंट (ग्रासहॉपरमधला एका कामाचा ठोकळा) समोरच्या काचेच्या इमारतीवरून परावर्तित होणारं ऊन धरत नाही, त्यासाठी लेडीबग टूल्समधल्याच हनीबीकडे जावं लागतं. तिथे प्रकाशाचं गणित रेडियन्स हे सॉफ्टवेअर करतं, ऊर्जेचं एनर्जीप्लस. चित्र जास्त खरं, पण मीटिंगमध्ये चहा संपेपर्यंत थांबायची तयारी हवी.

हवामान फाइल हा कच्चा दुवा. ती वेगवेगळ्या वर्षांतले नमुनेदार महिने जोडून केलेली असते. शेजारच्या डांबरी पार्किंगची धग तिला ठाऊक नसते. म्हणून खोलीत नेमके किती अंश असतील याचा शब्द मी या चित्रांवरून क्लायंटला देत नाही. दोन पर्यायांत कुठला बरा, एवढंच सांगते, आणि त्यासाठी हे साधन भरवशाचं आहे. ग्रासहॉपर येत नसेल तर सुरुवातीचे आठवडे जड जातील. सनपाथ आणि थेट उन्हाचे तास या दोनच कंपोनंटपासून सुरुवात करा, तेही भिंती-खिडक्या ठरण्याआधी, इमारतीच्या नुसत्या ढोबळ आकारांवर.