रॅम आज घ्यावी की थांबावे? एका घरातले दोन लॅपटॉप

आमच्या घरात सध्या दोन लॅपटॉपना वाढीव रॅम, म्हणजे चालू कामे तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी, हवी आहे. पहिला म्हापशाला करसल्लागाराचे कार्यालय चालवणाऱ्या माझ्या बहिणीचा: पाच वर्षे वापरलेला, डीडीआर-४ या जुन्या पिढीच्या रॅमचा, ८ जीबीची एक स्टिक बसवलेला आणि दुसरा स्लॉट रिकामा असलेला. दुसरा फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याचा: गेल्या वर्षी घेतलेला, डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅमचा, १६ जीबीचा. दोघांचा प्रश्न एकच आहे, आता घ्यावी की भाव उतरेपर्यंत थांबावे. माझी उत्तरे मात्र एकमेकांच्या उलट आहेत.

गोव्यात भावाचे गणित मासळीवरून लवकर समजते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बांगडा महागतो, आणि ऑगस्टमध्ये ट्रॉलर समुद्रात गेले की पुन्हा आवाक्यात येतो. जूनमध्ये हात आखडता घेणाऱ्याला किती दिवस कळ काढायची हे ठाऊक असते. रॅमच्या टंचाईला अशी तारीख नसते. रॅमच्या स्टिकवर बसणाऱ्या डीरॅम चिप जगात बहुतांश सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. नवा कारखाना उभा राहून माल देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातात आणि चालू कारखान्यातही सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप हाती येण्यास काही महिने लागतात. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही. मागणी घटली तरी प्रचंड भांडवल गुंतलेला कारखाना सहजी थांबवता येत नाही, म्हणून माल पडत्या भावाने विकला जातो.

ही दोन्ही टोके अलीकडेच दिसली आहेत. २०१६ च्या उत्तरार्धात सुरू झालेली भाववाढ २०१८ पर्यंत टिकली आणि २०१९ मध्ये भाव कोसळले. करोनाकाळात लॅपटॉपची खरेदी उसळली, ती ओसरल्यावर २०२२-२३ मध्ये गोदामे भरून राहिली, मायक्रॉनला २०२३ च्या आर्थिक वर्षात पाच अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला आणि सॅमसंगनेही एप्रिल २०२३ मध्ये उत्पादन कमी करण्याचे जाहीर केले. ज्यांनी त्या वर्षी रॅम घेतली ते आज स्वतःला शहाणे समजतात. खरे तर त्यांची वेळ चांगली होती.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅम पुन्हा महागली, त्या तेजीचे कारण निराळे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना एचबीएम नावाची, चिपवर चिप रचलेली मेमरी लागते, आणि मायक्रॉननेच सांगितलेल्या प्रमाणानुसार तितक्याच क्षमतेच्या डीडीआर-५ च्या तुलनेत ती सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते. तिच्यात नफाही अधिक असतो. चांगली विसवण (सुरमई) पंचतारांकित हॉटेलांकडे जाऊ लागली की बाजारातल्या टोपलीत काय उरते, हे मडगावच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ ही किरकोळ ग्राहकांसाठीची नाममुद्रा बंद करण्याचे जाहीर केले, त्यावरून कंपन्यांचा कल पुरेसा स्पष्ट होतो. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आला म्हणजे आता रॅम स्वस्त होणार, असेही काही जण म्हणतात. परंतु तेथे जुळणी आणि चाचणी होते, सिलिकॉनची चकती घडत नाही, आणि भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो.

आता मूळ तुलनेकडे येतो. जुने तंत्रज्ञान थांबल्यावर स्वस्त होते, ही समजूत डीडीआर-४ च्या बाबतीत धोक्याची आहे. कंपन्यांनी त्याचे उत्पादन आवरते घेण्यास सुरुवात केली, जुन्या यंत्रांचे मालक मात्र कोट्यवधींनी शिल्लक राहिले, आणि २०२५ च्या मध्यास घाऊक बाजारात डीडीआर-४ चिपचा भाव डीडीआर-५ च्याही वर गेला. डीडीआर-५ च्या बाबतीत पुढे नवी क्षमता उभी राहिली की पुरवठा वाढण्यास वाव आहे. डीडीआर-४ साठी नवा कारखाना कोणी उभारणार नाही. एकाची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतही नाही, कारण लॅपटॉपच्या डीडीआर-४ स्टिकला २६० पिना असतात, डीडीआर-५ ला २६२, आणि खाचेची जागाही वेगळी असते.

म्हणून बहिणीने आताच घ्यावी, परंतु ८ जीबीची एकच स्टिक. दुकानदार १६-१६ ची जोडी सुचवतात आणि जुनी काढून ठेवायला सांगतात. तेजीत तो सल्ला परवडणारा नाही. ८ आणि ८ मिळून १६ जीबी होते, दोन्ही स्लॉट भरल्याने मेमरी दुहेरी मार्गाने चालते, आणि विवरणपत्रांच्या दिवसांत हिशेबाची प्रणाली व ब्राउझर एकत्र उघडल्यावर होणारी अडवणूक सुटते. तिचे कार्यालय जीएसटीखाली नोंदणीकृत असल्याने १८ टक्के कराची वजावटही मिळते. तिचा लॅपटॉप विंडोज ११ चालवतो, हे मी आधी तपासले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि जे यंत्र ११ स्वीकारत नाही त्यात महागडी रॅम घालणे मला पटत नाही.

भाच्याची गोष्ट वेगळी. टास्क मॅनेजरमध्ये त्याची १६ जीबी क्वचितच भरलेली दिसते. ३२ ची हौस आहे, निकड नाही, आणि कराची वजावटही नाही. त्याने थांबावे. नवाच लॅपटॉप घेऊ, हा त्याचा पर्यायी प्रस्ताव मी फेटाळला असला तरी ज्यांचे यंत्र खरोखर मोडकळीस आले आहे त्यांनी तो विचारात घ्यावा. मोठे लॅपटॉप उत्पादक मेमरी साधारणतः तिमाही करारांनी घेतात, सुट्या स्टिकचा व्यापारी रोजच्या भावाने. त्यामुळे तेजीत सुटी स्टिक आधी महागते आणि तयार लॅपटॉप काही महिन्यांनी. दुकानात जुन्या साठ्यातला १६ जीबीचा लॅपटॉप उरला असेल, तर तो त्या काळात तुलनेने स्वस्त पडतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ॲपलच्या एम मालिकेतही ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून तेथे निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो.

नवी की वापरलेली, हा पर्याय लोक उगाच टाळतात. फाइली साठवणारी एसएसडी लिहून लिहून झिजते, तशी रॅम वापराने झिजत नाही, त्यामुळे ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून घेतलेली डीडीआर-४ स्टिक मला मान्य आहे. फक्त मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रणालीची एक पूर्ण फेरी समोर करून घ्यावी आणि हमी मिळणार नाही हे धरून भाव करावा. आणखी एक, आपल्या दमट हवेपुरते: पावसाळ्यात यंत्र अडखळू लागले म्हणून लगेच स्टिक बदलू नये. बहिणीची स्टिक आम्ही यंत्र बंद करून, बॅटरी सोडवून बाहेर काढली, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसली आणि पुन्हा बसवली. यंत्र बंद पडताना मधूनच येणारी विंडोजची निळी पाटी त्यानंतर आली नाही, आणि रिकाम्या स्लॉटसाठीच्या ८ जीबीवर खरेदी थांबली.