हॅपी व्हॅलीची बुधवारची रात्र: विन लावू की प्लेस?

मावसभाऊ ऑफिसच्या कामाने पुण्याहून हाँगकाँगला येतोय आणि नेमका बुधवार मोकळा आहे त्याला, म्हणजे हॅपी व्हॅली रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या रात्रीच्या रेसेस आल्याच. मेसेज आला, दादा ५०० डॉलर बाजूला काढलेत, सरळ फेव्हरिटवर विन लावू की प्लेस खेळू? (फेव्हरिट म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा; विनला घोडा पहिलाच यावा लागतो, प्लेसला साधारण पहिल्या तिघांत आला तरी चालतं.) त्याला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सची सवय असलेला माणूस इथे आला की आधी जॉकी बघतो, मग घोड्याचा मागचा फॉर्म, आणि ड्रॉ, म्हणजे घोडा कितव्या गेटमधून सुटणार ते (१ नंबर सगळ्यात आतला), सगळ्यात शेवटी. इथे ड्रॉ आधी बघायचा, बाकी सगळं नंतर.

ट्रॅकच तसा आहे. पूर्ण चक्कर साधारण १४५० मीटरचं, शेवटची सरळ पट्टी ३०० मीटरच्या जरा वर, आणि वळणं एकदम घट्ट. महालक्ष्मीचं मैदान केवढं मोठं, तिथे मागे राहिलेला घोडा बाहेरून काढून पळवायला जॉकीला वेळ मिळतो, इथे वळण संपेपर्यंत विनिंग पोस्ट समोर आलेली असते. त्यात १६५० मीटरची रेस तर स्टँडसमोरच सुरू होते, पोस्टच्या २०० मीटर आधी, आणि लगेच पहिलं वळण. गेट ११ किंवा १२ चा घोडा तेवढ्यात आत घुसू शकला नाही तर वळणावर बाहेरून पळत राहतो. रेलिंगला उभं राहून एकदा बघा, आतला घोडा आरामात जात असतो आणि बाहेरच्याचा जॉकी अर्ध्यातच हात चालवायला लागलेला असतो.

आता रेसकार्डवर जवळपास दर बुधवारी दिसणारे दोन प्रकारचे घोडे समोरासमोर ठेवूया. समजा क्लास ४ ची १६५० मीटर, म्हणजे ४० ते ६० रेटिंगचे घोडे; रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचे गुण, आणि ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त. पहिला, रेटिंग ६०, नुकताच क्लास ३ मधून खाली आलेला, वजन १३५ पौंड, ड्रॉ ११, वर इथला नामांकित जॉकी झॅक पर्टन, भाव २.८ (जिंकला तर एका डॉलरचे मूळ पैशांसकट २.८ परत). दुसरा, रेटिंग ५२, वजन १२७, ड्रॉ २, सुरुवातीपासून पुढे राहणारा, मागच्या दोन रेसेसमध्ये तिसरा-चौथा, भाव ७.

बहुतेक लोक डोळे झाकून पहिला लावतात. क्लास उतरलेला घोडा चांगलाच असतो यात वादच नाही, आणि पर्टनने २०२२-२३ च्या सीझनमध्ये १७९ रेसेस जिंकल्यात, त्यामुळे तो वर बसला की भाव पडतोच. पण २.८ भावात नुकसान होऊ नये म्हणून तो घोडा शंभरात ३६ वेळा तरी जिंकायला हवा, आणि ११ च्या ड्रॉवरून १६५० ला एवढी खात्री मला नाही वाटत. दुसऱ्याला शंभरात १५ वेळा जिंकलं तरी पुरतं. मी दुसरा घेईन. मात्र हाच पहिला घोडा १२०० ला ड्रॉ ४ वर असता तर माझं मत बदललं असतं, तिथे मी त्याच्यावरच विन लावला असता.

दुसऱ्या घोड्याचं एकच बघायचं, त्या रेसमध्ये पुढे धावणारे अजून किती आहेत. तिघं-चौघं असले तर ते एकमेकांना दमवतात आणि मग मागून येणाऱ्याचं फावतं, अशा वेळी तो नको. रेलिंग कुठे लावलंय तेही बघा, ते आत-बाहेर सरकवतात आणि त्या जागांना ए, सी अशी नावं आहेत; ए कोर्स असेल तर ट्रॅक रुंद असतो, सी किंवा सी+३ ला अरुंद, आणि अरुंद ट्रॅकवर पुढे राहणाऱ्याला धरणं मला तरी जास्त अवघड वाटतं.

भावाचं एक लक्षात ठेवा. महालक्ष्मीला बुकीकडे ७ चा भाव घेतला की तो आपला, इथे बुकी नाहीच, सगळं जॉकी क्लबचं टोट, म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे एका पूलमध्ये जमतात आणि जिंकणाऱ्यांत वाटले जातात. गेट उघडेपर्यंत भाव हलतो, ७ बघून लावलेला ४.८ वर येऊ शकतो, म्हणून घाई न करता शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावा.

विन की प्लेस? सात किंवा जास्त घोडे असले की पहिल्या तिघांना प्लेस मिळतं. २.८ च्या फेव्हरिटवर प्लेस खेळून हातात फारसं येत नाही, ७ च्या घोड्यावर मात्र प्लेस मला पटतं. अजून एक आहे, क्विनेला प्लेस, आपले दोन्ही घोडे पहिल्या तिघांत आले की झालं, क्रम कुठलाही चालतो. वरच्या दोघांबद्दल मनात खरंच घोळ असेल तर दोघांना जोडून १० डॉलरचं एक घ्या, कमीत कमी बेट तेवढंच आहे. पण या सगळ्या पूलमधून १७.५ टक्के आधीच कापले जातात, त्यामुळे आठ-नऊच्या आठ-नऊ रेसेस खेळलं की ते ५०० हळूहळू झिजणारच. भाऊला सांगितलंय तीनच रेसेस निवड, आणि ५०० संपले तर पाकिटात परत हात घालायचा नाही.

मुक्काम रविवारपर्यंत असता आणि त्या दिवशी शा टिनला, म्हणजे हाँगकाँगच्या दुसऱ्या रेसकोर्सवर, रेसेस असत्या तर मी तिकडे पाठवलं असतं. तिथली सरळ पट्टी ४३० मीटरची, मागून येणाऱ्या चांगल्या घोड्याला न्याय मिळतो, घोडा ओळखायची नजर असेल तर तिथेच मजा. पण चारही बाजूंना उंच इमारतींच्या पेटलेल्या खिडक्या आणि मधे दिव्यांखाली चमकणारं हिरवं गवत, हे बघायला व्हॅलीच. ट्रामने जा, रेसकोर्सच्या समोर उतरा, तिथल्या कब्रस्तानांच्या रांगेत जुनं पारशी कब्रस्तान आहे ते मुंबईकराने उजेडात एकदा बघावंच.

निवडलेल्या तीन रेसेसच्या आधी पॅरेड रिंगवर, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, जायला विसरू नका. मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आलाय, मान झटकतोय, धरणाऱ्या माणसाला ओढतोय असा घोडा दिसला तर ड्रॉ २ असला तरी मी सोडतो, आणि त्या रेसचे पैसे पुढच्या रेसवर न टाकता खिशातच ठेवतो.