जुनी चेनसॉ: कार्ब्युरेटर किट की नवा पिस्टन?

जून 2020 च्या निसर्ग वादळात पडलेल्या पोफळी कापून दमलेली आमची चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, दोन पावसाळे पडवीत पडून होती. दोरी ओढून खांदा गेला, पण सुरू होईना.

ठिणगी पडतेय, तरी स्पार्क प्लग कोरडाच? म्हणजे पेट्रोल वर चढत नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बहुतेकदा पापडासारखा कडक झालेला असतो. किट (असे पडदे वगैरे सुट्या भागांचा संच) आणि पेट्रोलची नळी बदलायची. स्वस्तातलं काम.

पिस्टन-सिलिंडरचं तसं नाही. आधी सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत बघा. पिस्टनवर उभे ओरखडे, दोरीही हलकी जातेय (म्हणजे आत दाब धरत नाही), तर नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून भागत नाही. त्यात क्रँकसील (इंजिनाच्या दांड्याभोवतीचं हवाबंद रबरी सील) हवा खात असेल तर नवा पिस्टनसुद्धा जळतो.

आमचा पिस्टन गुळगुळीत निघाला, मी किटवरच थांबलो.