नकाशावर मांडलेला स्वयंपाक : मुलांच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

पुण्यात आमच्या भागात दर उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी एक स्वयंपाक-कार्यशाळा भरते. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आणि अनेक वर्षे घरगुती डबे पुरवणाऱ्या एक काकू ती मिळून चालवतात. दर रविवारी महाराष्ट्राचा एक प्रदेश घ्यायचा, तिथला एखादा साधा, पौष्टिक पदार्थ मुलांनी स्वतःच्या हातांनी करायचा आणि तो तिथेच का रुजला हे समजून घ्यायचे, अशी तिची आखणी आहे. माझी दहा वर्षांची मुलगी यंदा तिथे जात होती आणि पालकांना मागे बसण्याची मुभा असल्यामुळे मलाही बरेच पाहता आले.

या कार्यशाळेचे खरे बळ त्या ‘का’मध्ये आहे. मुलांना पाककृती देण्याआधी बाई जमिनीवर मोठा नकाशा अंथरतात आणि त्यावर पावसाच्या पट्ट्या उभ्या करतात. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापूर जिल्ह्यात त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि हा फरक आकड्यांपेक्षा त्या उंच आणि बुटक्या पट्ट्यांमधून मुलांच्या चटकन लक्षात येतो. इतक्या कमी पावसात मंगळवेढ्याची ज्वारी कशी येते, या प्रश्नावर पुढचा अर्धा तास गेला आणि तो सत्कारणी लागला. तिथली खोल काळी जमीन पावसाळ्यातली ओल धरून ठेवते, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, त्या ओलीवर थंडीत वाढतो आणि दाणे भरताना पावसात न भिजल्यामुळे पांढरेशुभ्र राहतात, हे बाईंनी खरिपाची काळी पडलेली ज्वारी शेजारी ठेवून दाखवले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती त्यानंतर आली, त्यामुळे ती पाठांतराची बाब राहिली नाही.

मग काकूंची पाळी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. पीठ जुने असेल तर त्याची विरी, म्हणजे थापताना एकसंध राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापतानाच कडा फाटतात. काकूंनी ताजे आणि जुने अशी दोन्ही पिठे परातीत देऊन हा फरक मुलांच्या तळहातांनाच कळू दिला. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी फिरवण्याचे काम मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि ही खबरदारी मला योग्य वाटली.

कोकणाचा रविवारही उत्तम झाला. डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत नाचणी का घेतात हे ऐकल्यावर मुलांनी तिचे घावन केले आणि सोबत सोलकढी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकण्याचा काळ असल्याने काकूंनी ताजी फळे फोडून दाखवली आणि त्यांच्या सालींपासून आमसूल कसे करतात तेही सांगितले. एरवी दूध नको म्हणणाऱ्या मुलांना १०० ग्रॅम नाचणीतून ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते, ही गोष्ट पालकांनीही टिपून ठेवण्यासारखी आहे.

विदर्भाचा रविवार मात्र निराशा करणारा होता. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचा एवढा मोठा मुलूख संत्रा बर्फीवर आटोपला. पौष्टिक आहाराच्या कार्यशाळेत इतकी गोड बर्फी का असावी, हे मला समजले नाही. साखरेऐवजी गूळ वापरला म्हणून ती आरोग्याला चांगली, असे तिथे सांगण्यात आले, तेही पटणारे नाही, कारण उष्मांकांच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखेच आहेत. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, त्यांच्या पाण्यावर होणारा भात आणि भिजवून वाटलेल्या हरभरा डाळीचा गोळाभात हा धागा घेतला असता, तर पाऊस आणि माती यांच्यावर उभी असलेली बाईंची मांडणी पूर्वेकडेही तितकीच भक्कम राहिली असती.

दुसरी उणीव अधिक मुळाशी जाणारी आहे. प्रदेश नीट शिकवला जातो, पण हंगाम सुटतो. खानदेशच्या रविवारी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी झाली आणि धान्य-कडधान्याच्या जोडीने प्रथिनांचा कस कसा वाढतो हेही छान समजावले गेले. तिच्यासोबतचे भरीत मात्र शहरातल्या मंडईत मिळालेल्या जांभळ्या वांग्यांचे होते आणि ती गॅसवर भाजलेली होती. जळगावचे भरताचे वांगे हिरवट, मोठे आणि थंडीतले. ते शेतातल्या काड्यांवर भाजतात आणि ती धुरकट चव मे महिन्यात पुण्याच्या सभागृहात येणे शक्यच नाही. हा एक वर्ग डिसेंबर-जानेवारीत वेगळा घ्यावा, असे मी दोघींना सुचवले आहे.

मुले बरीच आणि शेगड्या दोनच, त्यामुळे ताटकळावे लागते. आठ वर्षांखालील मुले त्या वेळात कंटाळलेली दिसली, म्हणून त्याहून मोठ्यांनाच पाठवावे. दिवाळीच्या सुट्टीतही एक तुकडी असते, परंतु तेव्हा शाळू नुकताच पेरलेला असतो आणि रातांबे तर नसतातच. त्यामुळे निवड करायची झाल्यास नवी ज्वारी बाजारात आलेली असते ती उन्हाळ्याची तुकडीच घ्यावी.