ईपीएस-९५ पेन्शन : भाव सोलापूरचे टिपायचे, भत्ता दुसऱ्यांना द्यायचा

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, आणि त्या निर्देशांकाच्या ८८ केंद्रांमध्ये सोलापूर आहे. इथली ज्वारी, तेल, घरभाडं यांचे भाव दरमहा टिपले जातात आणि त्या हिशेबातून रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचं पेन्शन जानेवारी आणि जुलैत वाढतं. शेजारच्याच गल्लीत टॉवेल कारखान्यातून किंवा विडी कारखान्यातून निवृत्त झालेल्याला ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कर्मचारी पेन्शन योजनेत, पहिल्या महिन्याला जो आकडा लागला, तोच पुढे चालू राहतो. या योजनेला नापास करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

हिशेब सोपा आहे : सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सेवा २० वर्षं झाली की २ वर्षं वाढवून धरतात. सरासरी ७,००० आणि सेवा २० वर्षं असेल तर ७,००० × २२ ÷ ७० = २,२०० रुपये. महागाईचा पहिला फटका इथंच बसतो. पूर्वी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी धरत; सप्टेंबर २०१४ पासून ६० महिन्यांची धरतात. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा तुटपुंजा पगार आजच्या पेन्शनला खाली ओढतो. किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं तेही त्याच महिन्यात. जानेवारी २०१६ ला शून्यावरून सुरू झालेला केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२५ ला ५८ टक्क्यांवर गेला. तोच या हजाराला लावला असता तर १,५८० झाले असते.

वाढीची एकच वाट तुमच्या हातात आहे, तीही पेन्शन सुरू होण्याआधी. वयाच्या ५८ ऐवजी ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षामागे ४ टक्के जास्त मिळतात. ५८ च्या आधी घेतलं तर तेवढेच कापले जातात आणि ती कपात कधीच भरून निघत नाही. घाईनं अर्ज भरून देणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

निराधार वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेचं मानधन २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० वरच राहिली, म्हणजे महिना १,७५०. वरच्या हिशेबातलं २,२०० चं पेन्शन वर्षाला २६,४०० होतं आणि माणूस अपात्र ठरतो. सरकारच्या लेखी तो सुखवस्तू!

औषधांचा न्याय उलटा. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवायला कंपन्यांना कायद्यानंच मुभा आहे : २०२२ मध्ये १०.७६ टक्के, २०२३ मध्ये १२.१२ टक्के. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं संरक्षण मिळतं, ते जरूर काढा. मात्र ते दवाखान्यात दाखल झालेल्यासाठी आहे; बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. शिवाय ५ लाखांचा आकडा २०१८ चा.

गोळ्यांसाठी खरी उपयोगी सोय फारशी कुणी सांगत नाही. कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होती आणि किमान ५ वर्षं वर्गणी कापली गेली, तर वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःवर आणि जोडीदारावर याच योजनेत उपचार घेता येतात. आकडा गोठल्याचा फायदा म्हाताऱ्यांना होतो ती ही एकमेव जागा असावी! निवृत्तीचा दाखला मालकाकडून काम सोडतानाच घ्या. कारखाना बंद पडला की कागद मिळवताना नाकीनऊ येतात.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. ईपीएस-९५ ला तो कधीही देता येतो, दिल्यापासून १२ महिने चालतो. विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांचं यंत्रावर अडतं. त्यांनी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढावा. पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक आणि आधार जवळ ठेवा, आणि दोन्हीकडचं नाव एकच आहे ना ते आधी बघा.