राधानगरी, अंबरखाना आणि पंचेचाळीस रुपयांचा बटण-सेल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

परवा पहाटे शिवाजी पेठेत लाईट गेली आणि पावणेसहाला आली. मी उठून चहाचं आधण ठेवेपर्यंत राधानगरी, म्हणजे माझा घरचा छोटा सर्व्हर, आपली आपण सुरू झाली होती आणि बाबांनी टीव्हीवर भजनं लावलीसुद्धा. मे महिन्यात एवढ्याच गोष्टीसाठी मी आठ दिवस डोकं धरून बसलो होतो, दुकानात वाद घातला होता आणि ३०० रुपये घालवले होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) कसं टाकायचं, साम्बा (नेटवर्कवर फाईल वाटणारा प्रोग्रॅम) कशाशी खातात, हे सांगत बसत नाही. ज्यांनी जुनी मशिनं लिनक्सवर चालवली आहेत त्यांना ते ठाऊक आहे.

घरात पाच मशिनं आहेत. राधानगरी ही कुठल्यातरी ऑफिसातून निघालेली छोटी पेटी, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, फेब्रुवारीत ८,५०० रुपयांना घेतली. तिच्यावर साम्बा आणि जेलिफिन (साठवलेली गाणी-व्हिडिओ टीव्हीवर लावणारा प्रोग्रॅम) चोवीस तास चालतं. अंबरखाना हा जुना कोअर टू ड्युओ डेस्कटॉप, फक्त बॅकअपसाठी. तांबडा म्हणजे थिंकपॅड एक्स२२०, कीबोर्डाच्या मधोमध लाल टिकली असलेला, माझ्या रोजच्या कामाचा. पांढरा हा २००९ चा नेटबुक, ॲटम एन२७०, १ जीबी रॅम. आणि मसाई म्हणजे रास्पबेरी पाय ४, झाकण नसलेला सपाट बोर्ड, माळ्यावर पाय-होल (जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम) चालवतो. मसाई पठार ज्यानं पाहिलंय त्याला हे नाव समजावून सांगायला नको.

नावं मी विचार करून ठेवली आहेत. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते काम आजही दर पावसाळ्यात जिल्ह्याच्या बातम्यांत पहिल्या पानावर असतं. या पेटीच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आली की स्वतः सुरू होण्याची सोय दिसली, त्याच मिनिटाला तिचं नाव ठरलं. अंबरखाना म्हणजे पन्हाळ्यावरची धान्याची कोठारं. बॅकअपच्या २ टीबी डिस्कचे तीन भाग केले आणि त्यांना गंगा, यमुना, सरस्वती हीच कोठारांची नावं दिली. डिस्क ८० टक्के भरली की मोबाईलवर ‘इशारा पातळी’ असा निरोप येतो, ९० टक्क्यांना ‘धोका पातळी’. पुराच्या वेळी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ आणि ४३ फूट ज्यांनी रात्र रात्र जागून बघितलेत, त्यांना हे दोन शब्द दिसले की हात आपोआप हलतात.

बॅकअपचा एवढा ध्यास का, तेही सांगतो. २०१९ च्या महापुरात आत्याच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं आणि फोटोंचे अल्बम चिखलात गेले. आजीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फोटो उरले. ते मी स्कॅन केले. ते दोन ठिकाणी असल्याशिवाय मला झोप लागत नाही.

नावांबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून आवडली. होस्टनेममध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या नावात, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते, त्यामुळे नेटवर्कवर सगळी नावं रोमनमध्येच ठेवावी लागतात. पण होस्टनेमसीटीएल या कमांडला ‘प्रिटी’ नावाचा पर्याय आहे, तिथं देवनागरी चालते. ते मी दिलं आणि विसरूनही गेलो. महिन्याभरानं मोबाईलवर ब्लूटूथची यादी उघडली तर वर चक्क ‘तांबडा’ लिहिलेलं, मराठीत. आईला नेऊन दाखवलं. ब्लूटूथचा भाग ते प्रिटी नाव उचलतो, हे नंतर वाचून कळलं. अजून कुणी केलं नसेल तर आज करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता सेलकडे येतो, म्हणजे मशीनला वीज नसताना आतलं घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज टिकवणाऱ्या मदरबोर्डावरच्या छोट्या सेलकडे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला, लाईट दिवसातून तीन-चारदा जायला लागली आणि राधानगरी उठेना झाली. पॉवर दिली की पंखा फिरायचा, पुढं काही नाही. तिला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, कपाटावर ठेवलेली. दुकानात नेली. तिथल्या माणसानं दहा मिनिटांत निकाल दिला, “मदरबोर्ड गेलाय ओ. साडेचार हजार होतील. त्यापेक्षा दुसरंच घ्या की.” मी म्हटलं, “दादा, आधी सेल बघा. व्होल्टेज मोजा.” तो म्हणाला, “सेलनं असं होत नाही, साहेब.” मी म्हटलं, मोजायला एक मिनिट लागतं, मोजा. मोजला नाही. तपासणीचे ३०० रुपये घेतले, ते मात्र मोजून घेतले.

घरी आणून स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं: सेटिंग्ज गेली आहेत, पुढं जायला एफ-वन दाबा. मशीन मेलेलं नव्हतंच, कुणीतरी एक बटण दाबावं म्हणून वाट बघत होतं. उद्यमनगरातल्या मित्राकडून मल्टिमीटर आणला. सेल २.१ व्होल्ट. महाद्वार रोडवरच्या घड्याळवाल्याकडून नवा घेतला, ४५ रुपये, मोजला तर ३.२. बसवला, तारीख लावली, ‘वीज आली की सुरू हो’ ही सोय पुन्हा चालू केली. झालं.

सेलवरचं सीआर२०३२ हे नाव नीट वाचलं तर त्यातच सगळं आहे. सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल, आर म्हणजे गोल, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्ट, साधारण २२० मिलिअँपिअर-तास. मशीन प्लगला असतं तेव्हा घड्याळ त्याच विजेवर चालतं आणि सेलला काम नसतं. माझी पेटी ऑफिसातून निघाल्यावर किती वर्षं गोदामात पडून होती कुणास ठाऊक, तो सगळा काळ या सेलनं एकट्यानं काढला.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. लॉग (मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदी) उघडून बघितलं तर हा सेल फेब्रुवारीपासूनच संपत आलेला होता. डेबियनमध्ये वेळ जुळवणारी जी सेवा असते, ती शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवते. बूट होताना घड्याळ मागं गेलेलं दिसलं की ती लिहिलेली वेळ लावते, आणि नेट आलं की बरोबर करते. तसं केल्याची ओळ लॉगमध्ये बारा वेळा होती. म्हणजे मशीन मला तीन महिने सांगत होतं आणि मी बघितलं नाही, कारण पडद्यावरची वेळ नेहमी बरोबरच दिसायची. ही सोय उत्तम आहे, रास्पबेरी पायसारख्या बोर्डाला तर तिच्यासारखीच सोय लागते, कारण पाय ४ वर सेलवर चालणारं घड्याळच नसतं. तरी माझं म्हणणं आहे की जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं की महिन्यातून एकदा ही ओळ शोधावी. मी आता त्याचाही निरोप मोबाईलवर घेतो.

इथपर्यंतचं मी सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं. त्यात पुढं एक परिच्छेद होता, तो आता काढून टाकलाय. का, ते सांगतो.

मेनंतर मी बाकीच्या मशिनांचेही सेल बदलायचं ठरवलं. एकेक ४५ ला घेण्यापेक्षा पाच सेलची पट्टी ६० रुपयांना मिळाली, ती घेतली. त्यातला एक अंबरखान्यात बसवला. ऑक्टोबरमध्ये अंबरखान्याचं घड्याळ पुन्हा मागं गेलं. आई रात्री त्याचं भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते, ‘मीटर पळतंय’ म्हणून. मी ठरवूनच टाकलं की बटण बंद असल्यामुळं सेल संपला. बटणावर चिकटपट्टी लावली. घरात दोन दिवस त्यावरून बोलाचाली झाली, आणि ती मीच सुरू केली होती.

मग आकडेमोड केली, जी आधी करायला हवी होती. घड्याळाला लागतो काही मायक्रोअँपिअर प्रवाह. पाच धरले तरी २२० मिलिअँपिअर-तासाचा सेल पाच वर्षं जायला हवा. पाच महिन्यांत बटणामुळं संपणं शक्यच नाही. पट्टीतले उरलेले चार सेल काढले, अजून न वापरलेले. दोन २.८, एक २.६, एक २.४. पट्टीच खराब होती. आईचं काही चुकलं नव्हतं. चिकटपट्टी काढली आणि तिला तसं सांगितलं. महाद्वार रोडवरून आणखी तीन सेल आणले. पैसे वाचवायला गेलो आणि ६० रुपये पाण्यात गेले.

विजेचंही सांगतो, कारण आईचा मुद्दा खरा आहे. प्लगला लावायच्या मीटरवर राधानगरी रिकामी असताना १० वॅट घेते, म्हणजे महिन्याला ७ युनिट. अंबरखाना ६२ वॅट, तो चोवीस तास ठेवला तर ४५ युनिट झाले असते. माझ्या बिलात युनिट सरासरी नऊ रुपयांच्या आसपास पडतं. म्हणून चोवीस तासाच्या कामाला जुना डेस्कटॉप फुकट मिळाला तरी घेऊ नका. वर्षाच्या बिलात तो छोट्या पेटीची निम्मी किंमत खातो.

तांबड्याबद्दल तक्रार नाही. चौदा वर्षांचा कीबोर्ड अजून नव्यासारखा चालतो, एसएसडी टाकल्यावर कामाला कुठंही अडत नाही. नोव्हेंबरमध्ये तांबडा आणि राधानगरी डेबियन १३ वर नेले, एका संध्याकाळीत झालं. पांढऱ्याला ते जमणार नाही. त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि डेबियन १३ मध्ये तसल्या मशिनांसाठी इन्स्टॉलरच नाही. तो डेबियन १२ वरच राहणार, त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. बाबा त्याच्यावर टाइप करतात, शाळेच्या आठवणी लिहितायत. आधी मी तो भंगारात द्या म्हणत होतो. आता म्हणत नाही. त्यांची रोजची पानं राधानगरीवर जातात, तेवढं नेटवर्क चालू असलं की पुरे.

अंबरखान्याची सोय शेवटी बटणावरच बसवली. त्याच्या बायोसमध्येही ‘वीज आली की सुरू हो’ लावलं. सुरू झाला की आरसिंक आपोआप चालतं, राधानगरीवरचं नवीन ते सगळं उतरवून घेतं आणि मशीन बंद होतं. रविवारी आई देवपूजेला उठली की बोर्डाचं बटण दाबते, आणि दिवा विझला की परत बंद करते. कुठला वेळापत्रकाचा प्रोग्रॅम नाही, नेटवर्कवरून उठवणं नाही. सेल चांगला आहे तोवर सेटिंग जागेवर राहतं. पेटीवर मार्करनं सेलची तारीख लिहिली आहे, खाली ३.२ हा आकडा.

गेल्या रविवारच्या लॉगमध्ये: सुरू ६ वाजून ५० मिनिटं, गंगेत १४ नवीन फाईल, बंद ७ वाजून २२ मिनिटं.