आधी ब्रेक लाइन मोजा: सेकंडहँड कॅनोपीवर वेगवान लँडिंग शिकतानाचा काही महिन्यांचा अनुभव

माझ्या स्कायडायव्हिंगच्या पॅराशूटच्या कॅनोपीचं (डोक्यावर उघडणाऱ्या कापडी पंखाचं) मॉडेल सांगत नाही, कारण माझी तक्रार तिच्या कापडाबद्दल किंवा डिझाइनबद्दल नाहीच. नऊ सेलची (कप्प्यांची), किंचित लंबवर्तुळाकार, १५० चौरस फूट, झीरो-पी (हवा न झिरपणारं) कापड, मायक्रोलाइन दोऱ्या. सेकंडहँड. माझं विंग लोडिंग (कॅनोपीच्या दर चौरस फुटामागे किती पौंड वजन) १.०५ च्या आसपास. या वर्गातल्या कॅनोपी कशा उघडतात, कशा वळतात हे जंप करणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते सोडून देते. मला बोलायचंय ते ब्रेक लाइनबद्दल, म्हणजे कॅनोपीच्या मागच्या काठाला, शेपटीला, जाणाऱ्या दोऱ्यांबद्दल. वेगात लँडिंग शिकण्याचे सुरुवातीचे कित्येक आठवडे या दोऱ्यांनी खाल्ले आणि त्या मोजून बघायला कोणी तयार नव्हतं.

नवी कॅनोपी घ्यायची नाही हे माझं आधीच ठरलं होतं. शिकताना माणूस चिखलात पडतो, खडबडीत गवतावर घसरतो, आणि दोन-तीन सीझननंतर आकारही बदलावासा वाटतो. त्यापायी कोऱ्या कापडावर पैसे घालणं मला पटत नाही. आजही पटत नाही. पण सेकंडहँड घेताना मी कापड, सेलच्या शिवणी आणि पॅच तपासले, आणि दोऱ्यांसाठी विकणाऱ्याचा शब्द धरला: “लाइनला भरपूर आयुष्य आहे.”

साध्या लँडिंगला कॅनोपी छान वागत होती. फ्लेअर (उतरताना ब्रेक ओढून वेग मोडणं) जरा लवकर सुरू व्हायचा, टॉगल (ब्रेक लाइनची हातातली मूठ) थोडं खाली आलं की लगेच शेपूट काम करायला लागायची, आणि मला ते आवडतही होतं. गडबड सुरू झाली ती कोचबरोबर फ्रंट रायझरचं काम हाती घेतल्यावर. रायझर म्हणजे हार्नेसपासून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे; पुढचे ओढले की नाक खाली जाऊन वेग वाढतो. कोचबाईंचा पहिला नियम असा, की वेगाचं सगळं शिक्षण आधी ३००० फुटांच्या वर. टॉगल हातातच, बोटं डाइव्ह लूपमध्ये (फ्रंट रायझरवरच्या पकडायच्या फासात), दोन्ही फ्रंट रायझर हळूहळू खाली, थोडा वेळ धरून मग सोडायचे. काहीही बिनसलं तर टॉगल हातात आहेतच, शोधावे लागत नाहीत. मी रायझर ओढले आणि कॅनोपी उधळली. नाक खाली जायचं, शेपूट वर फेकायची, पुन्हा नाक खाली. हार्नेसमध्ये मान झटके खात होती.

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, “या साइझला फ्रंट रायझर ओढले की असंच होतं. जोर कमी लाव.” मग त्यांनीच सुचवलेल्या सर्व्हिसवाल्याकडे पाठवली. कॅनोपी तिथे पडून राहिली, सीझनचे चांगले दिवस निघून गेले, आणि परत आली तेव्हा कागदावर एवढंच होतं: तपासलं, ठीक आहे. कुठली दोरी किती भरली, मूळ माप किती, एकही आकडा नाही. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, दोरी कुठे फाटलेली नाही, पिसं निघालेली नाहीत. अहो, मी फाटल्याची तक्रार केलीच नव्हती! कॅनोपी उधळतेय म्हणत होते. दोरी न फाटता आखडते, आणि मायक्रोलाइनच्या बाबतीत तर हेच प्रत्येक रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याला) पहिल्यांदा सुचायला हवं.

कारण सरळ आहे. मायक्रोलाइन म्हणजे स्पेक्ट्रा. ओढायला दणकट, पण उष्णतेला कच्ची. प्रत्येक ओपनिंगला स्लायडर (ओपनिंग सावकाश करणारा, दोऱ्यांवरचा कापडी चौकोन) खाली घसरतो, त्याच्या ग्रोमेटची (दोऱ्या ज्यातून जातात त्या कडीची) धातूची कड दोऱ्यांवर घासते, उष्णता तयार होते आणि दोरी थोडी थोडी आखडत जाते. सगळ्या दोऱ्या सारख्या आखडत नाहीत. ग्रोमेटच्या कडेला जास्त घासल्या जाणाऱ्या बाहेरच्या दोऱ्या जास्त आखडतात, आणि ब्रेक लाइन सगळ्यांत जास्त. व्हेक्ट्रान आणि एचएमए दोऱ्या आखडत नाहीत. त्या झिजतात आणि एक दिवस तुटतात, तो प्रश्न वेगळा. स्पेक्ट्रा तुटायच्या कितीतरी आधी कॅनोपीचा आकार बिघडवते, आणि हे इतकं सावकाश होतं की त्याच कॅनोपीवर उडणाऱ्याला कळतही नाही.

आता फ्रंट रायझर. टॉगल हातात ठेवून रायझर सहा इंच खाली ओढला की टॉगलही तेवढंच खाली येतं. ब्रेक लाइनमध्ये तेवढी ढील नसेल तर एकाच वेळी नाकही खाली ओढलं जातं आणि शेपूटही. कॅनोपीला एका हाताने जा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने थांब म्हणायचं, दुसरं काय. झटके त्यातूनच येतात. पुरेशी ढील असेल तर फुल फ्लाइटमध्ये वर बघितल्यावर ब्रेक लाइन मागे कमानीसारखी वाकलेली दिसते, आणि फ्रंट रायझर पूर्ण खाली असतानाही मागचा काठ सरळ राहतो. माझ्या ब्रेक लाइन फुल फ्लाइटमध्येच जवळपास ताठ होत्या. म्हणजे लवकर सुरू होणारा, मला आवडलेला तो फ्लेअर याच आखडलेल्या दोऱ्यांमुळे होता.

शेवटी दुसऱ्या एका रिगरकडे गेले. त्यांनी दोऱ्या ताणावर घेतल्या, निर्मात्याचा ट्रिम चार्ट (दोऱ्यांच्या मूळ मापांचा तक्ता) शेजारी ठेवला आणि माझ्यासमोर एकेक माप लिहिलं. ब्रेक लाइन मूळ मापापेक्षा चार इंचांहून जास्त आखूड. बाहेरच्या काही दोऱ्यांतही फरक होता, पण कमी. त्या कागदाचा फोटो मी विकणाऱ्याला पाठवला. उत्तर नाही. अजूनही नाही.

इथे माझ्यातली काटकसर मधे आली. पूर्ण रीलाइनचा (सगळ्या दोऱ्या बदलण्याचा) खर्च मोठा, म्हणून आधी फक्त खालच्या ब्रेक लाइन बदलून घेतल्या. रिगरने बजावलं होतं की ब्रेक लाइन हव्या तेवढ्या लांब करून चालत नाही. फार लांब झाली तर हात पूर्ण खाली गेले तरी शेपूट पुरेशी वळत नाही आणि फ्लेअर अर्धवट राहतो. म्हणून चार्टच्या मापावर बांधून घ्यायच्या, पहिल्या जंपला उंचावर जाऊन पूर्ण फ्लेअर करून बघायचा, हात सावकाश खाली नेत स्टॉल (कॅनोपी उडणं सोडते तो क्षण) नेमका कुठे येतो ते बघायचं, आणि मगच खाली लँडिंगचा विचार.

त्या पहिल्या जंपला ३००० फुटांच्या वर दोन्ही फ्रंट रायझर ओढले आणि कॅनोपी एकसंध, गुळगुळीत खाली गेली. एक झटका नाही. हातावर दाब वाढत गेला तो सरळ, सारखा. मी कॅनोपीखाली मोठ्याने हसले. त्याच कॅनोपीसाठी मी महिनाभर विकायची जाहिरात लिहीत होते.

पण इथेच माझं मत पुन्हा बदललं, आणि ज्यांनी नुकतंच शिकायला सुरुवात केलीय त्यांनी हा भाग नीट वाचावा. दुरुस्त झालेली कॅनोपी ही वेगळी कॅनोपी असते. आखूड ब्रेक लाइनमुळे ती आधी कायम थोड्या ब्रेकवर उडत होती, डाइव्हमधून लवकर सरळ होत होती. आता ती जास्त वेगाने जाते, आणि रायझर सोडल्यावर सरळ व्हायला जास्त उंची घेते. आधी उंचावर मोजून ठेवलेला प्रत्येक आकडा बाद झाला. ते जुने आकडे घेऊन मी जमिनीजवळ गेले असते तर प्लेन आउट (डाइव्हमधून सरळ होणं) जमिनीच्या खाली झाला असता. कोचबाई म्हणाल्या, “वही फेकून दे. पहिल्यापासून.” त्यांचं बरोबर होतं, आणि रिगरने कॅनोपी हातात देताना हे सांगायला हवं होतं, हीदेखील माझी तक्रार आहे.

मग पहिल्यापासून केलं. हॉप अँड पॉप, म्हणजे कमी उंचीवर बाहेर पडून लगेच उघडायचं आणि उरलेली सगळी उंची कॅनोपीच्या कामाला. फ्रंट रायझर ओढायचे, धरायचे, सोडायचे, आणि कॅनोपी स्वतःहून सरळ होईपर्यंत किती फूट गेले ते बघायचं. मनगटावरचा अल्टिमीटर वेगाने खाली जाताना थोडा मागे राहतो, त्यामुळे एका वाचनावर विसंबायचं नाही. जीपीएस लॉगर हेल्मेटला लावला की खाली येऊन आलेखात प्रत्येक डाइव्ह दिसतो. ऑडिबलमध्ये (उंचीनुसार कानाशी वाजणाऱ्या यंत्रात) कॅनोपीसाठी वेगळे बीप लावता येतात. त्यांचा उपयोग आहे, पण कोचबाईंनी पहिल्या टप्प्यात ते बंद ठेवायला लावले, डोळ्यांनी उंची वाचायला शिक म्हणून.

माझे आकडे मी मुद्दाम देत नाही. दुसऱ्याचा आकडा घेऊन वळणारी माणसं मला भीतीदायक वाटतात. विंग लोडिंग तेच असलं तरी लहान कॅनोपीच्या दोऱ्या लहान, वळण झपाट्याचं आणि उंची वेगळी जाते. उन्हाळ्यातल्या दुपारी किंवा उंच पठारावर हवा विरळ असते, तिथे तेच वळण जास्त फूट खातं. वाऱ्याची दिशा बदलली की पॅटर्न (उतरण्याचा ठरलेला मार्ग) हलतो. आकडा तुमच्या कॅनोपीचा, तुमच्या दोऱ्यांचा, त्या दिवसाच्या हवेचा.

जमिनीजवळ आधी फक्त सरळ अप्रोच. फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर), पुरेसं वर, दोन्ही फ्रंट रायझर थोडा वेळ, मग सोडून द्यायचे, कॅनोपी स्वतः सरळ होऊ द्यायची आणि नेहमीचा फ्लेअर. वळण अजिबात नाही. कंटाळवाणं वाटतं, पण वाढलेल्या वेगात फ्लेअर कसा लांबत जातो हे इथेच कळलं. मग ९० अंश, तेही कोच खाली कॅमेरा घेऊन उभी असेल तेव्हाच, आणि ड्रॉप झोनने (जंपच्या मैदानाने) अशा लँडिंगसाठी ठेवलेल्या वेगळ्या जागेत. साध्या पॅटर्नच्या गर्दीत वळण मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कॅनोपीवर जाऊन आदळणं, आणि त्यात माणसं मेली आहेत. समोर कोणीही दिसलं की वळण रद्द. हवेत जरा शंका आली की वळण रद्द. रद्द केलेल्या वळणाबद्दल मला कोणी काही बोललं नाही, आणि बोललं तरी चाललं असतं.

वळण जमिनीच्या फार जवळ आलं तर काय, याची उजळणी आम्ही उंचावर इतकी केली की हात आपोआप जातात. फ्रंट सोडायचे, वळण थांबवून कॅनोपी डोक्यावर आणायची, मग दोन्ही टॉगलनी फ्लेअर, पाय एकत्र, पीएलएफ (लोळत धक्का अंगभर वाटून घेणं). आणि हे जमायला टॉगल हातात असावे लागतात, ब्रेक लाइन बरोबर लागते. पुन्हा तिथेच आले मी.

एक वेगळी गोष्ट, कारण फार जणांना माहीत नसते. सायप्रेस हे एएडी, म्हणजे ठरावीक उंचीखाली वेग जास्त असेल तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र. साध्या एक्स्पर्ट सायप्रेसचा निकष साधारण २२५ मीटरच्या खाली ३५ मीटर प्रति सेकंद हा आहे. माझ्या लोडिंगवर तिथपर्यंत जाण्याचा प्रश्नच नाही. पण पुढे लहान कॅनोपीवर मोठी वळणं घेणाऱ्यांना तो वेग गाठता येतो, आणि त्यांच्यासाठी स्पीड मोड वेगळा आहे. आपल्या एएडीचा मोड कुठला, हे त्या आधी बघून ठेवायला हवं.

पूर्ण रीलाइन शेवटी करावीच लागली. ब्रेक लाइन नव्या झाल्यावर लक्षात आलं की कॅनोपी हात न लावता हळूहळू डावीकडे वळते, आणि ओपनिंगही तिकडेच सरकत होतं. बाहेरच्या दोऱ्यांमधला तो फरक. ब्रेक लाइनवर आधी घातलेले पैसे वाया गेले म्हणायचे, आणि त्याचा मला राग आहे, कारण विकतानाच ट्रिम मोजला असता तर मी तेवढी किंमत कमी करून घेतली असती किंवा कॅनोपी घेतलीच नसती. मायक्रोलाइनची, काही शे जंप झालेली सेकंडहँड कॅनोपी घेताय तर रीलाइनचा खर्च किमतीत धरूनच भाव करा. मापं लिहिलेला कागद मागा. “ठीक आहे” असं लिहिलेला कागद घेऊ नका.

रीलाइननंतर पुन्हा सगळे आकडे नव्याने घेतले. तिसऱ्यांदा. या वेळी त्रास वाटला नाही, कारण हवेतले ते प्रयोग मला लँडिंगइतकेच आवडायला लागलेत.

ओळखीचे लोक विचारतात, आता १३५ कधी? मला कळत नाही ही घाई. या १५० वर ९० अंशांतून येणारा वेग आणि गवतावरून लांबत जाणारं ते सरकणं अजून पूर्ण कह्यात आलेलं नाही. १८० अंशांचं नाव कोचबाईंनी काढलेलं नाही, मीही काढलेलं नाही. दोऱ्यांच्या पुढच्या मापाची तारीख रिगरने कॅनोपीच्या कार्डावर लिहून दिलीय, आणि या वेळी मापं घेताना मी शेजारी उभी राहणार आहे.